कातडी त्याची, कळ तिची

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त वेळा मनातल्या मनात लिहिणाऱ्याचं निदान करून मोकळी होते. छातीवर कोणीतरी बसलं म्हणता? उशिरा आणि जड जेवलात. झाडाखाली पांढरी बाई दिसली? डोळे तपासून घ्या. मी आयुष्यभर कातडीची डॉक्टरकी केली, आणि कातडीच्या डॉक्टरला विश्वास-बिश्वास ठेवायची गरजच पडत नाही. कपडा बाजूला करा, उजेडात या, दाखवा. दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही... संपलं.

एकच केस अशी आहे जिथे हे चाललं नाही. ती इथे सांगते. कोणाला हसायचं असेल तर खुशाल हसा, मी पण तुमच्यावर हसतेच.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली नुकताच वेगळा निघाला होता. ब्रह्मपुरीहून वैनगंगेकडे जाणाऱ्या रस्त्याला एक फाटा फुटतो, तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात माझी नेमणूक होती. गावाचं नाव देत नाही, कारण या गोष्टीतल्या लोकांची लेकरं अजून तिथे नांदतात. दोन खोल्या, समोर लांब व्हरांडा, पुढे धानाच्या बांध्या आणि बांध्या संपल्या की जंगल. बाजाराच्या दिवशी व्हरांडा गच्च भरायचा. खरूज, गजकर्ण, बिबा उतून सुजलेली तोंडं — आणि त्यांच्यातच मान खाली घालून बसलेले महारोगी.

महारोग तपासायची रीत साधी आहे. पेशंटला डोळे मिटायला सांगायचं, कापसाची बारीक वात करून कातडीला हळूच लावायची, आणि जिथे लागलं तिथे त्याने बोट ठेवायचं. चट्ट्यावर वात टेकली आणि बोट उठलंच नाही, की समजून जायचं. शंका राहिली तर टाचणी. माझ्यासोबत या कामाला मेश्रामभाऊ होते. कुष्ठरोगाचे कर्मचारी, गावोगाव फिरून चट्टे शोधणारे, आणि माझ्याइतकेच तोंडाळ. आमचं छान जमायचं.

धान रोवण्याच्या दिवसांत शेवंता आली. आली म्हणजे आणली. सोबत नवरा दौलत आणि दौलतचा मोठा भाऊ नामदेव. नामदेव गावातला वजनदार माणूस, त्यामुळे बोलणं सगळं त्याच्याकडे.

"नाटक करते जी डॉक्टरबाई. हात जळते म्हणते. चुलीपासून कोसावर बसली राह्यते अन् बोंबलते, भाजलं म्हणून. रोवण्याच्या टायमालेच बरा हिचा हात जळते!"

"कोणाकोणाला दाखवलं?"

"पुजाऱ्याले दाखवलं. त्यानं मिरच्याची धुरी देली. तरी सुधरली नाई."

मी शेवंताचा हात उजेडात धरला. विशी-बाविशीची पोरगी, काटक, डोळे मात्र सतत खाली. हातावर काही नव्हतं. ना फोड, ना लाली. पदर बाजूला केला तेव्हा पाठीवर होतं — ओल्या काडीचे वळ, एकावर एक, जुने निळे आणि त्यांच्यावर ताजे.

"हे कोणी केलं?"

दौलतने सावकाश बिडी पेटवली. माझ्या ओपीडीत, माझ्यासमोर. माझं डोकंच फिरलं. त्याला बाहेर हाकलणार तेवढ्यात लक्ष गेलं... बिडी जळत जळत पार त्याच्या बोटांपर्यंत आली होती. कातडी करपल्याचा वास मला आला, त्याला आला नाही. तो आरामात उभा. आणि खाली बाकावर बसलेली शेवंता "आई वो!" करून ओरडली आणि उजवा हात झटकायला लागली.

तेव्हा मला तिच्या ओरडण्याचं काही वाटलं नाही. माझं सगळं लक्ष त्याच्या बोटांवर होतं. बिडीने बोट भाजतं आणि माणसाला कळत नाही, याचा अर्थ माझ्या धंद्यात एकच असतो. नामदेवला मी बाहेर झाडाखाली पाठवलं, शेवंताला व्हरांड्यात रस्त्याकडे तोंड करून बसवलं, दौलतला आत घेतलं आणि दार लोटलं. सदरा काढला. कोपरापाशी हाताच्या नसेची जाड दोरी झालेली, करंगळी वाकायला लागलेली, आणि मनगटापासून वर हातभर फिकट चट्टा. डोळे मिटायला लावून वात टेकवली. बोट उठलं नाही. दुसरीकडे, तिसरीकडे... नाही. टाचणी लावली. नाही.

दाराच्या फटीशी मेश्रामभाऊ उभे होते. ते हळूच म्हणाले, "मॅडम, जरा बाहेर पाहता का?"

शेवंता पाठमोरी बसली होती. मेश्रामभाऊ म्हणाले, "टोचा बरं आता." मी आत येऊन त्याच्या मनगटाच्या वर टाचणी टोचली. बाहेर तिने स्वतःच्या मनगटाच्या वर, बरोबर तिथेच, हात दाबून धरला.

मी काय करणार? जे येतं तेच केलं, तपासणी. दार पूर्ण बंद केलं. मी टोचायची, मेश्रामभाऊ बाहेरून बघायचे. कोपराच्या आत टोचलं. खांद्यापाशी टोचलं. मुद्दाम टोचायचं नाटक करून टोचलंच नाही. प्रत्येक वेळी बरोबर! जिथे दौलतला लागत होतं तिथे तिला काही नाही. जिथे त्याची कातडी मेली होती, तिथली कळ न चुकता तिच्या अंगावर उठत होती. मला स्वतःचाच राग येत होता.

चूक एकच झाली, मेश्रामभाऊ "लागलं! लागलं!" असं मोठ्याने ओरडत होते, आणि दौलत काही मूर्ख नव्हता. त्याने डोळे उघडले. ट्रेमधली टाचणी उचलली, दार ढकलून व्हरांड्यात गेला, बायकोसमोर उभा राहिला आणि स्वतःच्या हातात टाचणी खुपसली. ती किंचाळली. त्याने परत खुपसली, जरा खोल. मग माझ्याकडे वळून हसला. जत्रेतून पिपाणी आणलेलं पोर हसतं ना, तसा.

"म्हणजे ही नाटक नोहोती करत," तो म्हणाला.

मी त्याला आत ओढून रोगाचं नाव सांगितलं. तेवढ्यापुरतं त्याचं हसू गेलं. पाया पडायला लागला. "कोणाले सांगू नका जी बाई, दादाले तर नाईच नाई. त्याच्या पोरीचं लगन जमवणं हाय. मले गावाबाहेर काढतीन." मी कबूल केलं. पेशंटचं गुपित पेशंटचं असतं, तो कितीही हरामखोर असला तरी. गोळ्या दिल्या आणि म्हटलं, नेमाने घे, नस वाचली तर हात परत जागा होईल. खरं सांगू? मी ते त्याच्यासाठी म्हणत नव्हते. त्याची कातडी जागी झाली की ती पोरगी सुटेल, एवढाच माझा हिशोब होता.

त्यानंतर गोळ्या न्यायला शेवंताच यायची. येताना दर वेळी नवीन काहीतरी सांगायची, रडत नाही, सपाट आवाजात. भाजीत मीठ जास्त पडलं तर तो शांतपणे चुलीपाशी जाऊन बसतो आणि जळक्या लाकडावर मनगट टेकवतो. मारायची गरज राहिली नव्हती. शेजारपाजारचे म्हणायचे, दौलत सुधारला, बायकोवर हात टाकत नाही.

मी म्हटलं, "माहेरी का जात नाहीस? नदीपलीकडे जा, आरमोरीकडे, राहा तिकडेच."

ती गेली. आठवड्याच्या आतच परत आली. "तिकडंही लागते, बाई," म्हणाली. "दुपारी भावजईसोबत धान कांडत होती मी. हातावर एक चटका. मंग थांबला. मंग आणखीन एक. मी समजली, बलावून राह्यला." तिला आणायला कोणी गेलं नाही. तिची तीच डोंग्यात बसून नदी ओलांडून आली.

मी त्याचा हात प्लास्टरमध्ये घातला, नस सुजली आहे म्हणून सांगितलं. त्याने दगडाने प्लास्टर फोडलं, हातासकट. तो फुटलेला हात मला दाखवायला आला तेव्हा मी त्याला काय काय बोलले ते संपादक छापणार नाहीत. तो म्हणाला, "मले कुठी दुखते, बाई? तुम्ही काऊन चिडून राह्यल्या?"

आणि रोग वाढत होता. गोळ्या नेमाने घेणाऱ्याचा असा वाढत नाही. चट्टे पाठीवर आले, छातीवर आले, दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत बधिर झाले. दर खेपेला मी टाचणीने हद्द बघायची आणि ती पुढे सरकलेली असायची. शेवटी मी शेवंताला विचारलं, गोळ्या खातो ना?

"चुलीत टाकते, बाई. म्हणते, बरा झालो तं तू माह्यं ऐकशील काय?"

त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. भुताची नाही. माणसाची.

दोन पावसाळे उलटल्यावर, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात तो मेला. सकाळी जंगलात पानं तोडायला गेला होता, शेवंता घरी अंगणात पानांचे पुडे बांधत होती. पायाला काहीतरी चावलं म्हणून ती दचकली, पाय बघितला तर काही नाही. तिला लगेच कळलं. तशीच पळत जंगलात गेली. दौलत दगडावर बसून बिडी ओढत होता.

"पाय पाहा तुमचा," ती म्हणाली. "काही चावलं तुमाले."

"आता माह्या पायावरही तुहीच मालकी काय?" तो म्हणाला, आणि पाय बघितला नाही. तिने वाकून बघायचा प्रयत्न केला तेव्हा त्याच पायाने तिला लाथ मारली. थोड्या वेळाने त्याच्या डोळ्यांच्या पापण्या उचलेनात. मग जीभ जड झाली. लोकांनी त्याला माझ्याकडे आणायच्या ऐवजी झाडफूक करणाऱ्याकडे नेलं, तिथेच गेला.

हे मला कळलं ते शेवंताकडूनच. भर दुपारी ती धावत केंद्रात आली. केस सुटलेले, पायात काही नाही. मला वाटलं, सुटली बाई! त्या माणसाच्या मरणाचा मला आनंद झाला होता, लिहायला लाज वाटत नाही. पण ती सुटल्यासारखी दिसत नव्हती.

"बाई, मेल्यावरही चालूच हाय," ती म्हणाली. "मुडद्याले अंघोळ घातली त्याइनं. गरम पाणी माह्या पाठीवर पडलं, बाई. मी तं घरामंधी बसली होती. आता घाटावर नेलं. ते त्याले जाळून राह्यले..."

ती पाय जवळ घेऊन जमिनीवर बसली आणि स्वतःच्या दंडांवरून हात फिरवायला लागली.

मेश्रामभाऊंच्या लुनावर आम्ही दोघं नदीवर पोचलो. सरण रचून झालं होतं, दौलत त्याच्यावर ठेवला होता. पुरुष मंडळी उभी होती, बाईमाणसाला तिथे पाहून सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. मी नामदेवला बाजूला घेतलं आणि म्हटलं, पुरा याला, जाळू नका.

"काऊन?"

काय सांगणार? मी थाप मारली. "सापाची केस आहे. पोलिसांना कळवावं लागतं, प्रेताची तपासणी होते. जाळलंत तर सगळे अडकाल."

"तं करा ना तपासनी. चिरा, आम्ही थांबतो. मंग जाळतो."

चिरायचं म्हणजे मीच चिरायचं होतं. छातीवर चट्टे होते. सुरी कुठून कुठपर्यंत जाते ते मला माहीत होतं, आणि केंद्रात ती पोरगी जमिनीवर बसली होती. मी हात जोडले. आयुष्यात कोणापुढे जोडले नव्हते.

नामदेव आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, आमच्या इथी पुरतेत कोणाले, तुमाले मालूम हाय. महारोग्याले. माह्या भावाले पुरलं तं गाव काय म्हणन? पोरीची सोयरीक झाली हाय माह्यी. पंधरवड्यात लगन हाय." आणि त्याने मागे वळून कोणालातरी खूण केली. पेटता टेंभा पुढे आला.

म्हणजे एकच रस्ता उरला होता, आणि तो त्यानेच मला दाखवला होता. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "दौलतला महारोग होता. मी त्याची डॉक्टर आहे. दोन वर्षं माझ्या गोळ्या चालू होत्या. विचारा मेश्रामभाऊंना."

ज्यांनी खांदा दिला होता ते आधी मागे सरले. मग एकेक जण नदीत उतरून वाळूने हात घासायला लागला. टेंभा धरणाऱ्याने तो वाळूत खुपसला. कोणी माझ्याशी वाद घातला नाही, कारण त्याची वाकडी बोटं सगळ्यांनी बघितलेली होती, फक्त कोणी बोललं नव्हतं. नामदेव मला म्हणाला, "त्याले वाचवलं तुम्ही आगीतून. माह्यी पोरगी घातली."

मला पुन्हा त्या घाटावर उभं केलं तर मी पुन्हा तेच बोलेन. हे ठामपणे सांगते, कारण नंतर मला बरेच उपदेश मिळाले.

दौलतला वरच्या अंगाला, नाल्याच्या काठी पुरला. नामदेवच्या पोरीचं लग्न मोडलं. आणि शेवंताला घराबाहेर काढलं. महारोग्याची बायको, हिलाही असणारच, सापही हिनेच सोडला असेल... सगळं एकदमच. गावाबाहेर एका बांधीच्या कडेला पळसाच्या डहाळ्यांची झोपडी तिला घालून दिली. विहिरीवर पाय ठेवायचा नाही. मी आणि मेश्रामभाऊ गावात गेलो, चावडीसमोर भर उन्हात तिची तपासणी केली, लोकांना दाखवलं — बघा, कुठेही वात लावा, हिला लागतं, हिला रोग नाही. लोकांनी बघितलं आणि घरी गेले. कोणी तिला पाणी दिलं नाही.

पुढे मी नागपूरला गेले, मोठमोठ्या लोकांच्या हाताखाली शिकले. मेंदूच्या, नसांच्या डॉक्टरांना ही केस "एका मैत्रिणीची" म्हणून सांगितली. एकाने मनोविकार म्हटलं, एकाने योगायोग, एकाने चहा मागवला. दार बंद असताना, पाठमोरी बसून, न टोचलेली टाचणीसुद्धा तिने बरोबर ओळखली होती, याचं स्पष्टीकरण कोणाकडे नव्हतं. माझ्याकडेही नाही. कातडी मी आजही उजेडातच बघते, आणि दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही, असंच विद्यार्थ्यांना शिकवते. शेवंताबद्दल मला काहीही समजलेलं नाही.

शेवटचं सांगून थांबते. पुरल्यानंतर थोड्या दिवसांनी ती ओपीडीत आली. रांग संपेपर्यंत लांब, झाडापाशी उभी राहिली, कोणाच्या अंगाला लागू नये म्हणून. मग आत आली.

"आता चटके नाई, बाई," ती म्हणाली. "माती थंडी हाय. बरं वाटते. पण अंगावर चालते काहीतरी. बारीक बारीक. पाठीवर अन् पायावर. कालपासून डोयाच्या कोपऱ्यात."

मी तिला उजेडात घेतलं. भिंग घेऊन इंच इंच बघितलं, केसांतून, कानामागून, पापण्यांतून. कातडी स्वच्छ होती. ती माझ्या तपासणीकडे बघतही नव्हती, मला बरं वाटावं म्हणून करू देत होती.

"बाई, पुरलेला मानूस किती दिवसात सरते वो?"

हे उत्तर मला येत होतं. परीक्षेला आलं होतं, मार्कही चांगले पडले होते. मी तिला म्हटलं, "कोरड्या मातीत वेळ लागतो. पाऊस पडला, माती भिजली, की लवकर."

"म्हणजे मिरगाले."

"हो. मिरगात."

"मंग थोडेच दिवस हायेत," ती म्हणाली, आणि डोळ्याचा कोपरा चोळत उठली.

त्या वर्षी मृग कोरडा गेला.